इलियड कानानं वाचायचं कसं: कोल्हापुरातल्या वाचनगटासाठी

होमरचं इलियड, म्हणजे ट्रॉयच्या लढाईवरचं जुनं ग्रीक महाकाव्य, हातात घेतलेले बरेच जण दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीपाशी अडखळतात आणि पुस्तक परत कपाटात जातं. दोष यादीचा नाही, डोळ्यानं वाचण्याचा आहे. हे काव्य एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं म्हणून घडलेलं. कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. शाहिरानं डफ उचलला, मागं झीलकऱ्यांनी 'जी जी रं जी' धरलं की इथला माणूस तास-दोन तास जागचा हलत नाही. धनगरी ओवी तर रात्र रात्र चालते. इलियडला हाच कान लागतो. म्हणून खालची सगळी तयारी मोठ्यानं वाचण्यासाठीची आहे.

माणसं, जागा, वेळ

आठ ते बारा माणसं पुरेत. पंधराच्या वर गेली की वाचणाऱ्याची पाळी फार उशिरा येते आणि मधली माणसं मोबाईल काढतात. जागा बंदिस्त हवी. रंकाळ्याच्या कट्ट्यावर मजा वाटते, पण वाऱ्यात तिसऱ्या माणसापर्यंत शब्द पोचत नाही. तालमीची वरची खोली, शाळेचा रिकामा वर्ग किंवा करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयातलं एखादं दालन मिळतंय का ते विचारा. पंखा मंद ठेवा. गणपती आणि नवरात्र टाळा, ढोल-ताशापुढं होमर टिकत नाही. पेठांच्या संघांचा सामना असलेला रविवारही सोडून द्या, निम्मा गट तिकडंच असेल.

सगळ्यांकडं एकच भाषांतर असावं आणि त्यात मूळ ओळींचे क्रमांक समासात छापलेले असावेत. क्रमांक नसले की 'कुठं आहोत आपण?' यातच बैठक संपते. फुकट मिळणारी काही जुनी इंग्रजी भाषांतरं देवांना रोमन नावं देतात: झ्यूसचा ज्युपिटर, हेराची जुनो, अथीनाची मिनर्व्हा, हेफेस्टसचा व्हल्कन, आणि ओडिसियसचा युलिसिस. दोघांकडं दोन आवृत्त्या असल्या की एकाच देवीची दोन नावं खोलीत फिरायला लागतात. आवृत्ती कुठलीही घ्या, पण एक.

किती वाचायचं

छापील पाठात इलियडच्या १५,६९३ ओळी आहेत, सर्ग २४. (ग्रीक वर्णमालेतही अक्षरं २४. प्रत्येक सर्गाला एक अक्षर, ही सोय नंतरची.) सावकाश वाचलं तर मिनिटाला दहा ओळी होतात, म्हणजे अख्ख्या काव्याला सव्वीस तास. पहिल्या खेपेला हे करू नका. सात सर्ग घ्या: पहिला (६११ ओळी), सहावा (५२९), नववा (७१३), सोळावा (८६७), बाविसावा (५१५), तेविसावा (८९७) आणि चोविसावा (८०४). एकूण ४,९३६ ओळी, सव्वाआठ तासांचं वाचन. दर रविवारी एक सर्ग धरला की सात रविवार. सोळावा आणि तेविसावा दीड तासाचे आहेत, त्यांच्या मध्ये चहा ठेवा. बाकीच्यांना नको, मध्ये उठलं की ताण मोडतो.

गाळलेले सर्ग दोन-तीन वाक्यांत कुणीतरी सांगावेत, फार तर पाच मिनिटं. आठव्या मिनिटाला ते कीर्तन होतं.

पाळी पान संपल्यावर बदलू नका, भाषण संपल्यावर बदला. काव्याचा जवळपास निम्मा भाग पात्रांच्या तोंडचा आहे, आणि प्रत्येक भाषणाच्या आधी 'त्याला उत्तर देत अमुक म्हणाला' अशी ठरलेली ओळ येते. तीच पाळी बदलायची खूण. एका वाचकाकडं ३० ते ४० ओळी आल्या की आवाज ताजा राहतो. पात्रं वाटून नाटक करायचा मोह होतो, तो आवरा. ग्रीक गायक ट्रॉयचा वीर हेक्टरही स्वतः म्हणत असे, त्याची बायको अँड्रोमॅकीही स्वतः. आवाज बदलण्याऐवजी वेग बदला.

चाल

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी एकदा नीट करा, कारण मराठी माणसाला तो इंग्रजी वाचकापेक्षा कितीतरी सोपा जातो.

होमरची ओळ सहा गणांची. प्रत्येक गणाचं मूळ रूप गुरू-लघू-लघू, म्हणजे आपला भ गण. दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो. शेवटचा गण दोनच अक्षरांचा, आणि त्यातलं शेवटचं अक्षर लघू असलं तरी थांब्यामुळं गुरू धरतात. पाचवा गण बहुधा पूर्ण भ गणच असतो. दोधक वृत्त ज्यांना आठवतं (भ भ भ ग ग) त्यांनी त्यात आणखी दोन भ घातले की झालं. अक्षरं १२ ते १७ अशी कमी-जास्त होतात, मात्रा मात्र २४.

मराठीत बसवून पाहा:

सांग, सरस्वति, कोप कसा नडला सकलांना
वीर किती पडले, कुत्र्यांना देह मिळाले

पहिली ओळ फोडून: सांग स । रस्वति । कोप क । सा नड । ला सक । लांना. सतरा अक्षरं, पाचही गण भ. दुसरी: वीर कि । ती पड । ले कु । त्र्यांना । देह मि । ळाले. इथं तिसऱ्या-चौथ्या गणात दोन-दोन गुरू आले, अक्षरं पंधरा झाली, मात्रा तेवढ्याच राहिल्या. चाल लगेच जड झालेली कानाला कळते. प्रेतं कुत्र्यांच्या तोंडी जातात त्या जागी ती जड झालेली बरीच.

चोवीस मात्रा म्हणजे केरव्याची तीन आवर्तनं. ढोलकीवाला गटात असेल तर त्याला लगेच हात शिवशिवतील. ठेका धरू द्या, पण समेवर थांबू देऊ नका. तिथं थांबलं की ओळीचे आठ-आठ मात्रांचे तीन सारखे तुकडे पडतात आणि बडबडगीत तयार होतं. होमरच्या ओळीतला विसावा बहुतेक वेळा तिसऱ्या गणाच्या पोटात असतो: कधी पहिल्या गुरूनंतर (वर 'पडले'नंतर), कधी गुरू-लघूनंतर (वर 'कोप'नंतर). म्हणजे आवर्तन एकीकडं तुटतं आणि वाक्य दुसरीकडं. ही ओढाताणच ओळीला पुढं ढकलते.

मूळ पहिली ओळ पाठ करून बैठकीची सुरुवात तिनं करा. गण पाडून ती अशी: मे-नि-न । एइ-दे-थे । आ-पे । ले-इ-अ । देओ-अ-खि । ले-ओस. अर्थ: 'देवी, पेलेउसच्या मुलाचा, अकिलीसचा, क्रोध गा.' अकिलीस म्हणजे ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा. पहिलाच शब्द क्रोध. यातला थ आणि ख आपल्या 'थंड' आणि 'खरं'मधलाच म्हणा, प्राचीन ग्रीकमध्ये ते खरेच महाप्राण होते. अडचण एकच: आपले ए आणि ओ नेहमी गुरू, ग्रीकमध्ये ते ऱ्हस्वही असतात. वरच्या ओळीत 'दे-थे' हे दोन्ही ऱ्हस्व आहेत आणि आपली जीभ ते लांबवते. निपाणी-बेळगावकडचा कन्नड बोलणारा कुणी गटात असेल तर त्याला आधी म्हणायला सांगा. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए-ओ रोजच्या बोलण्यात आहेत, बाकीच्यांनी त्याच्यामागून म्हणावं.

विशेषणं कापू नका

दुसऱ्या बैठकीत कुणीतरी म्हणणारच: 'अकिलीस तंबूत बसलाय, तरी त्याला वेगवान पायांचा कशाला म्हणायचं?' उत्तर मात्रांत आहे. ओळीच्या शेवटी आठ मात्रांची जागा उरली असेल तर 'दिओस अखिल्लेउस' (तेजस्वी अकिलीस). दहा उरल्या तर 'पोदास ओकूस अखिल्लेउस' (पायानं वेगवान). विसावा तिसऱ्या गणात गुरू-लघूनंतर आला असेल तर ११ मात्रा खर्ची पडतात, १३ उरतात, तिथं 'पोदार्केस दिओस अखिल्लेउस'. तीन मापांचे तीन तयार दगड, गवंड्यानं हाताशी ठेवावेत तसे. आपल्याकडं हे नवं नाही. आर्या रचणारा कवी तीन मात्रांना पार्थ घेतो, चाराला अर्जुन, पाचाला धनंजय, साताला सव्यसाची. आर्येचे बादशहा मोरोपंत पन्हाळ्यावरच जन्मले, १७२९ साली, तेव्हा हा मुद्दा कोल्हापुरात तरी पटायला हरकत नाही.

म्हणून तोंडी मराठी करताना प्रत्येक ठरलेल्या विशेषणाला एकच मराठी प्रतिशब्द ठरवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा: 'गुलाबी बोटांची पहाट', 'पंख असलेले शब्द', 'घोडे माणसाळवणारा हेक्टर'. शाळेत निबंधाला 'तोच शब्द पुन्हा नको' असं शिकवलेलं असतं, त्यामुळं हात आपोआप बदल करतो. इथं बदल म्हणजे चूक.

मोठ्या पुनरावृत्तीचंही तेच. नवव्या सर्गात ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन रुसून बसलेल्या अकिलीसला द्यायच्या भेटींची लांबलचक यादी सांगतो, तिवया, सोनं, कढया, घोडे, सात गावं. मग ओडिसियस तंबूत जाऊन तीच यादी जवळजवळ शब्दशः पुन्हा म्हणतो. वाचकाला वाटतं, कापूया. कापलं तर सर्गातली खरी गंमत गेली: अगामेम्नॉनच्या भाषणाचा शेवट 'त्यानं माझ्यापुढं वाकावं, मी मोठा राजा आहे' असा आहे, आणि ओडिसियस नेमकं तेवढंच गाळतो. ज्यांनी यादी दोनदा ऐकली त्यांनाच ही गाळलेली जागा ऐकू येते. एकाच वाचकाला दोन्ही याद्या द्या.

नावांचा गोंधळ

भिंतीवर एक कागद लावा. ग्रीकांना होमर तीन नावांनी हाक मारतो: अकियन, अर्गाइव्ह, दानाअन. तिन्ही एकच. ट्रॉय म्हणजेच इलियॉस. पॅरिस म्हणजेच अलेक्झांडर, पण मॅसिडोनियाचा नव्हे. झँथस आणि स्कॅमँडर एकच नदी: देव तिला एक नाव देतात, माणसं दुसरं. एजॅक्स दोन आहेत, भिंतीसारख्या ढालीचा टेलॅमनचा मुलगा तो मोठा. 'अट्रियसचा मुलगा' म्हटलं की अगामेम्नॉनही असतो आणि मेनेलेअसही, मागची ओळ बघून ठरवायचं. कौंतेय म्हणजे नेमका कोण हे जसं महाभारतात प्रसंगावरून कळतं तसंच.

लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच या दोन गोष्टींची वाट बघत बसणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाका: इलियडमध्ये दोन्ही नाहीत. घोड्याची गोष्ट होमरच्या दुसऱ्या काव्यात, ओडिसीत, येते, टाच होमरमध्ये कुठंच नाही. इलियड ट्रॉय पडायच्या आधीच संपतं.

आणि ती जहाजांची यादी? सात सर्गांत ती नाही, पण हौस असेल तर एखाद्या संध्याकाळी वेगळी घ्या: दुसरा सर्ग, ओळ ४९४ ते ७५९. २९ पथकं, १,१८६ जहाजं. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवर एकामागून एक तालीम येते, कुठली, कुणाची, किती माणसं घेऊन, हे जसं कडेला उभं राहून मोजलं जातं, तसं ते वाचा. प्रत्येक पथकाला नवा वाचक. पंचवीस-तीस मिनिटांत होतं आणि कुणी झोपत नाही.

तेविसावा सर्ग: इथं वस्ताद बोलवा

जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर अकिलीस खेळ भरवतो. त्यातली कुस्ती ओळ ७०० ते ७३९, फक्त चाळीस ओळी, पण कोल्हापुरात त्या चाळीस ओळींवर अर्धा तास जावा. एखाद्या तालमीतले जुने वस्ताद यायला तयार झाले तर गटातल्या दहा इंग्रजी पुस्तकांपेक्षा जास्त उजेड पडेल.

जोड अशी: मोठा एजॅक्स, अंगानं डोंगर, आणि ओडिसियस, डावबाज. इनाम जिंकणाऱ्याला बारा बैलांच्या मोलाची तिवई, हरणाऱ्याला चार बैलांच्या मोलाची एक दासी. (माणूस इनामात. ही ओळ घाईनं ओलांडू नका आणि झाकूही नका, हे जग तसं आहे.) दोघे कंबर कसून उतरतात. हातात हात असे अडकतात की होमर त्यांना उंच घराच्या एकमेकांत बसवलेल्या वाशांची उपमा देतो, सुतारानं वारा अडवायला बसवलेल्या. पाठी करकरतात, घाम वाहतो, बरगड्यांवर लाल वळ उठतात. कुणीच पडत नाही. बघणारे कंटाळतात. मग एजॅक्स म्हणतो: तू मला उचल, नाहीतर मी तुला उचलतो. तो उचलतो. ओडिसियस मागून त्याच्या गुडघ्याच्या खोबणीत टोला मारतो, एजॅक्स पाठीवर पडतो आणि ओडिसियस त्याच्या छातीवर.

खासबागेत इथं हलगी वाजली असती: चितपट, कुस्ती निकाली. होमरमध्ये कुस्ती संपत नाही. ओडिसियस उचलायला बघतो, जमिनीपासून थोडंसंच हलवतो, गुडघा अडकवतो, दोघे शेजारी-शेजारी मातीत. तिसऱ्यांदा उठतात तेव्हा अकिलीस मध्ये पडतो: विजय दोघांचा, सारखी इनामं घ्या. म्हणजे बरोबरीत सोडवली. ग्रीक कुस्तीत एका पाडावावर निकाल होत नसे, नंतरच्या काळात तीन पाडाव लागत. हा फरक माहीत नसला की ऐकणारा अकिलीसवरच चिडतो. गुडघ्यामागच्या टोल्याला आपल्याकडं कुठल्या डावाजवळ ठेवायचं हे वस्तादांना ठरवू द्या. भाषांतरांत तिथं फार ढोबळ शब्द असतात.

त्याच सर्गातली रथांची शर्यत (ओळ २६२ पासून) गाडी-शर्यती बघितलेल्यांनी वाचावी. म्हातारा नेस्टर आपल्या पोराला वळणाचा खांब कसा घ्यायचा ते सांगतो: डावा घोडा खांबाला जवळजवळ घासू दे, उजव्याला सैल सोड, पण दगडाला चाक लावू नकोस. पुढं अरुंद वाटेवर तोच पोरगा मेनेलेअसला दाबतो, आणि शर्यतीनंतर भांडण बराच वेळ चालतं. ओळखीचं वाटेल.

कवीबद्दल कधी बोलायचं

पहिल्या दिवशी नको. 'होमर आंधळा होता का, होता तरी का' यात दीड तास जातो आणि एक ओळ वाचून होत नाही. विषय तिसऱ्या-चौथ्या रविवारी काढा, कान ठरलेल्या शब्दांना सरावल्यावर. तेव्हा पंधरा मिनिटं पुरतात.

सांगायचं एवढंच. काव्यं साधारण इसवीसनपूर्व आठव्या-सातव्या शतकातली मानतात. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं होमरला स्वतःच्या फार तर चारशे वर्षं आधी ठेवलं. जन्मगावावर अनेक शहरांनी हक्क सांगितला, त्यात खिऑस बेट आणि स्मर्ना (आजचं तुर्कस्तानातलं इझमिर) यांचा दावा जोरदार, आणि काव्याची मुख्य बोली आयोनियन असल्यानं तो भाग पटण्यासारखा आहे. खिऑसवर होमराइड नावाचं गायकांचं घराणंच होतं. आंधळेपणाचा धागा अपोलोच्या स्तोत्रातून येतो, 'खडकाळ खिऑसचा आंधळा' असं तिथं गायक स्वतःला म्हणवतो. ओडिसीच्या आठव्या सर्गातला दरबारी गायक डेमोडोकसही आंधळाच. त्यावरून नंतरच्यांनी चरित्रं रचली, ती चरित्रं म्हणून नव्हे, दंतकथा म्हणून वाचावीत.

खरा बदल झाला १९३० च्या दशकात. मिलमन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक युगोस्लाव्हियात गेला आणि गुसले नावाचं एकतारी वाद्य वाजवत हजारो ओळींच्या कथा गाणारे गायक त्यानं ध्वनिमुद्रित केले. त्यातले कित्येक निरक्षर होते. ते पाठ केलेलं म्हणत नव्हते, ठरलेले शब्दसमूह आणि ठरलेले प्रसंग जोडत गातागाता रचत होते. होमरची विशेषणं त्याच कारखान्यातली, हे पॅरीनं त्याआधीच मापं मोजून दाखवलं होतं. तो १९३५ साली गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, आणि काम पुढं त्याचा विद्यार्थी अल्बर्ट लॉर्ड यानं नेलं. धनगरी ओवी म्हणणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा की तीच कथा दोन रात्री म्हटली तर शब्द तेच येतात का. उत्तर गटासमोर ऐका.

शेवटचा रविवार

चोविसाव्या सर्गाला उत्तम वाचक राखून ठेवा. हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, मुलाचं प्रेत मागायला रात्री अकिलीसच्या तंबूत शिरतो, गुडघे धरतो आणि आपली पोरं मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. इथं वेग निम्म्यावर आणा, मिनिटाला सहा ओळींपेक्षा जास्त नको. पुढं अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत, आणि प्रायम हिशोब देतो: नऊ दिवस घरात शोक, दहाव्याला दहन आणि जेवण, अकराव्याला मातीचा ढीग, बाराव्याला लढू, लढायचंच असेल तर. हे आकडे सपाट आवाजात वाचायचे, रडवेला सूर लावला की बिघडतं.

शेवटची ओळ अशी: 'असा झाला घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरचा अंत्यविधी.' काव्य अकिलीसच्या क्रोधानं सुरू झालं आणि शत्रूच्या नावावर थांबलं. वाचून झालं की पुस्तकं मिटा. चर्चा त्या दिवशी ठेवू नका, चहा खाली जाऊन घ्या.